शून्य धरायची जागा

डोंगराच्या कुशीत ती पांढरी तबकडी उभी राहिली तेव्हा गावाने तिला परात म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव असं चिकटलं की तिथले इंजिनिअरसुद्धा टेलिफोनवर "परातीवरून बोलतोय" म्हणू लागले. परात आभाळातलं ऐकायची. आभाळ काही कुणाच्या कानाशी येऊन ओरडत नाही, त्यामुळे तिला ऐकू यावं म्हणून खालच्या गावाने चिडीचूप राहायचं, असा नियम होता. मोबाईल नाही. ठिणगी उडणारी मोटार नाही. कुंपणात करंट सोडायचा नाही. हा आवाज म्हणजे आपल्या कानाला ऐकू येतो तो नव्हे, हे गावाला समजायला दोन वर्षं लागली. तोवर कोंबडीवाला आपल्या कोंबड्यांना दम देत होता.

या ऐकू न येणाऱ्या आवाजाचा माग काढायला परातीने गावातलाच माणूस नेमला होता. गळ्यात एक खोका, खोक्यावर सुई, हातात माशाच्या काट्यासारखी दिसणारी सळ्यांची अँटेना. सुई हलली की अँटेना फिरवत फिरवत त्या घरापर्यंत जायचं, कुठली वस्तू खोडी करते आहे ते शोधायचं, ती बंद करायची, नाहीतर उचलून न्यायची. गाव त्याला कानवाला म्हणायचं, तेही तोंडावर. त्याचं त्याला काही वाटत नसे. वाईट वाटायचं ते तो गल्लीत शिरला की धडाधड दारं लागायची त्याचं. लहानपणी ज्यांच्या ओसरीवर लोळला, ती माणसं आता त्याच्या पायांचा आवाज ओळखून बटणं बंद करायची.

घरात तिघं होती. कानवाला, त्याचा थोरला भाऊ आणि वहिनी. आईबाप गेले तेव्हा कानवाला सहा वर्षांचा होता आणि थोरला पंधरा. थोरला त्याच महिन्यात खाणीत लागला, दगड भरडायच्या मशीनवर. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याचे फक्त डोळे आणि दात दिसायचे. त्या धुळीतून धाकट्याची वह्यापुस्तकं आली, बूट आले, पुढे तालुक्याच्या शाळेची फी आली. धूळ मात्र थोरल्याच्या छातीत राहिली. तीस वर्षांनी डॉक्टरने फोटो उजेडाला धरला, आणि म्हणाला, आत निम्मा दगडच आहे.

आठ महिन्यांपूर्वी त्याच्यासाठी मशीन आलं. मोठ्या दवाखान्याने मोडीत काढलेलं, स्टुलाएवढं, हवेतून ऑक्सिजन काढून नळीतून नाकात सोडणारं. सतत घरघरायचं, आणि दर चार-पाच सेकंदांनी एक सुस्कारा टाकायचं. नळी लांब होती. पलंगापासून अंगणातल्या पायरीपर्यंत ती पुरायची, आणि थोरल्याचं जगही तेवढंच उरलं होतं. वीज गेली तर म्हणून कोपऱ्यात एक सिलिंडर उभा होता. दवाखान्याची गाडी महिन्यातून एकदा येऊन तो बदलून द्यायची, म्हणजे आली तर.

रोज सकाळी कानवाला अंगणाच्या मधोमध उभा राहून खोक्याचं शून्य धरायचा. कामाची रीतच तशी होती. जिथे काही वाजत नाही अशा ओळखीच्या जागी उभं राहायचं, कळ फिरवून सुई शून्यावर आणायची, मग गावात निघायचं. नोकरी लागली तेव्हा परातीवरच्या इंजिनिअर बाईंनी विचारलं होतं, "तुमच्या माहितीतली सगळ्यात शांत जागा कुठली?" तो म्हणाला होता, "आमचं अंगण." घरात तेव्हा दोन दिवे सोडले तर विजेचं काही नव्हतं. त्याला सात वर्षं झाली. रोज तीच जागा, तीच फरशी, दातही घासून व्हायचे नाहीत एवढ्यात होणारं काम.

पायरीवर बसून थोरला ते बघायचा. "मिळालं का शून्य?"

"मिळालं."

"आमच्या घरात शोधावं लागत नाही." मग खोकल्याची उबळ. ती ओसरेपर्यंत धाकटा अँटेना पुसत उभा राहायचा.

त्या वर्षी हिवाळा कोरडा होता. वारा खाणीकडून यायचा आणि वाळत घातलेल्या कपड्यांवरही पांढरं बसायचं. वहिनीने खिडकीला ओलं फडकं लावलं होतं, ते दुपारपर्यंत कडक व्हायचं. तशात परातीवर गडबड सुरू झाली. इंजिनिअर बाईंनी कानवाल्याला बोलावून खुर्चीवर बसवलं, म्हणजे प्रकरण मोठं होतं.

"एक जुनं यान आहे," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षांपूर्वी सोडलेलं. सूर्याच्या उजेडाचा पार शेवट असतो तिथे पोचलंय. दीड वर्ष त्याचा आवाज नाही. आता ते अशा ठिकाणी आलंय की रोज चार ते सहा आपल्याला ऐकता येईल. फक्त बारा दिवस. त्यानंतर त्याची बॅटरी टिकणार नाही."

"बरं."

"तेवढ्यासाठी परात खाली कलवावी लागते, गावाच्या छपरांवरून. इतकी खाली ती आजवर कलली नव्हती. आणि गावातून काहीतरी येतंय. सतत. ते थांबलं नाही तर आपण बारा दिवस फक्त तेच ऐकत बसू." त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "तुम्ही शोधाल ना?"

"शोधतो," तो म्हणाला. सात वर्षांत त्याने शोधलं नाही असं काही नव्हतं.

घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा थोरला भिंतीला टेकून बसला होता. वहिनी कोंबडीवाल्याकडच्या दुपारच्या कामाला निघाली होती, डोक्याला फडकं बांधत होती.

"एकतीस वर्षं," थोरला म्हणाला. "म्हणजे मी खाणीत लागलो त्या साली ते निघालं."

"हो की."

"ते बघ कुठे पोचलं. मी बघ, पायरीपर्यंत." तो हसला, आणि हसणं त्याला महागात पडलं. श्वास जागेवर आल्यावर म्हणाला, "किती पैसा घातला असेल रे यात?"

"मला काय माहीत."

"विचार तुझ्या बाईला. म्हणावं, आमचा दादा विचारतो. एवढी मोठी परात, आणि तिच्यात कुणाच्या पोटाला काही नाही. दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून एकदा. सिलिंडरची गाडी वाटेत रुतते. त्या पैशात रस्ता झाला असता की नाही?"

"तुझा मुद्दा काय आहे दादा?"

"मुद्दा नाही. विचारतोय. माणसाने विचारू पण नये का?"

वहिनी दारातून म्हणाली, "भाऊजी, त्यांना बोलायला लावू नका. आणि परातीत जेवण शिजत नाही हे यांना सात वर्षांनी कळलंय, तेव्हा आज एवढं पुरे."

दुसऱ्या दिवसापासून कानवाला गाव पिंजू लागला. पण सुई गेले काही महिने वागायची तशीच विचित्र वागत होती. गल्लीत गेलं की शून्याच्याही खाली जाऊन पडायची. खोका म्हातारा झाला, असं त्याला वाटलं. त्याने बॅटरी बदलली, वायर साफ केल्या, खोक्याला दोन चापट्याही मारल्या. काही फरक नाही.

तिसऱ्या दिवशी सुई एकदाची वर आली. समोरच्याच घरात. तिथे शिवणाऱ्या मावशी राहायच्या, शाळेचे गणवेश शिवायच्या. गुडघे गेल्यावर त्यांनी पायमशीनला एक छोटी मोटार बसवून घेतली होती. मोटारीच्या पोटात निळी ठिणगी नाचताना दिसत होती.

"हीच का तुमची?" मावशी म्हणाल्या.

"हीच दिसते."

"अरे, तीनशे गणवेश आहेत माझ्याकडे."

"बाराच दिवस मावशी. मग परत आणून देतो."

"माझे गुडघे बघितलेस?"

त्याने बघितले नाहीत. बघितले असते तर मोटार काढता आली नसती. खाली बसून तो स्क्रू सोडवत राहिला आणि मावशी वरून त्याच्या डोक्याकडे बघत राहिल्या. याच डोक्याला त्यांनी लहानपणी तेल लावलं होतं. मोटार पिशवीत घालून तो उठला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझ्या दादाला विचारते, त्याने तुला यासाठी शिकवलं का ते." त्या दिवसापासून समोरच्या खिडकीत पायमशीन खडखडायला लागली. थोडी चालायची, थांबायची, मावशी गुडघा चोळायच्या, पुन्हा चालायची.

आणि परातीवर तो आवाज होता तसाच होता.

"ती नव्हती," बाई म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नुसत्याच डोळे मिटून बसल्या. कानवाला जायला वळला, मग आठवण झाली म्हणून थांबला.

"बाई, आमच्या दादाने विचारलंय. या सगळ्याला जेवढा पैसा लागला, तेवढ्याचं हे आहे का म्हणून."

बाईंनी डोळे उघडले. असला प्रश्न त्यांना पूर्वी कुणी विचारला नव्हता असं नाही. "तुमच्या दादांना काय होतंय?"

"खाणीत होता."

"हं." बाई पुढे सरकून बसल्या. "त्यांना सांगा, मला कुणी म्हणालं असतं की दवाखाना बांधू की परात, तर मी दवाखानाच म्हणाले असते. पण मला कुणी विचारलं नाही. आणि उद्या परात बंद केली तर तो पैसा गावात दवाखान्याला येईल, असंही मला वाटत नाही. बावीस वर्षांची होते तेव्हापासून मी त्या यानाचं ऐकतेय. तेवढ्याचं आहे का, मला नाही सांगता येत. त्यांना काय वाटतं ते मला सांगा."

हे सगळं त्याने जसंच्या तसं घरी येऊन सांगितलं. थोरला बराच वेळ नळीशी चाळा करत बसला.

"बाई खोटं बोलत नाही," शेवटी म्हणाला. आणि त्या दिवसापासून रोज सहा वाजून गेल्यावर धाकटा घरी आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "बोललं का?"

"नाही बोललं."

"बोलेल. एवढ्या लांबून यायचं म्हणजे वेळ लागतो."

पाचव्या दिवशी पहाटे वीज गेली. थोरल्याच्या नळीला सिलिंडर जोडून झाला. सकाळी कानवाल्याने नेहमीसारखं अंगणात उभं राहून शून्य धरलं. घर विचित्र शांत होतं. आत घरघर नाही, सुस्कारे नाहीत, समोर मावशीही अजून मशीनवर बसल्या नव्हत्या. त्याने खोका गळ्यात नीट केला आणि फाटकाची कडी काढली, तेवढ्यात वीज आली. घरात मशीन खाकरलं, घरघरायला लागलं. आणि त्याच्या छातीवर सुई ताडकन उठून दुसऱ्या टोकाला जाऊन आपटली.

त्याने अँटेना गल्लीकडे फिरवली. सुई पडली. खाणीकडे फिरवली, पडली. मावशींच्या खिडकीकडे, पडली. मग सावकाश, जणू तिथे न फिरवताच काही मार्ग निघेल अशा आशेने, स्वतःच्या दाराकडे फिरवली.

आठ महिने तो रोज सकाळी आपल्या भावाच्या श्वासाला शून्य धरत आला होता. मशीनच्या आवाजावरच सुई आणून टेकवायची आणि मग साऱ्या गावात त्याहून मोठा आवाज शोधत हिंडायचं. सुई खाली पडत होती ती उगाच नव्हती. गाव शांतच होतं.

तो तिथेच फरशीवर बसला. आतून थोरला म्हणाला, "काय झालं रे? मिळालं नाही का आज?"

"मिळालं," तो म्हणाला.

खरं तर त्याच पावली डोंगर चढून बाईंना सांगायला हवं होतं. पण पिशवीत मावशींची मोटार होती. कोंबडीवाल्याचं कुंपण त्याने काढायला लावलं होतं, कुणाची शेकायची गादी, कुणाचा पंखा. सात वर्षं दुसऱ्यांच्या घरात शिरून त्याने बटणं बंद केली होती, आणि आता सगळ्या गावासमोर सांगायचं की कानवाल्याला स्वतःच्या घरातलं ऐकू आलं नाही. शिवाय नियम म्हणजे नियम, मशीन उचलून नेलं तर? लाज आणि भीती एकाच वेळी वाटली की माणसाला अक्कल सुचत नाही. त्यालाही सुचली नाही.

त्याने कोंबडीवाल्याकडून बारीक जाळी आणली. दुहेरी जाळीत ठिणगीचा आवाज अडतो, एवढं त्याला माहीत होतं. दुपारभर बसून पिंजरा केला, मशीनवर घातला, वरून पत्रा गुंडाळला. सुई जरा खाली आली. पण वीस मिनिटांत मशीन तापलं, चिरका आवाज करून बंद पडलं. पत्रा ओरबाडून काढेपर्यंत थोरल्याचे ओठ जांभळे झाले. काढताना धाकट्याचं बोट कापलं, रक्त मशीनवर सांडलं.

मशीन पुन्हा सुरू झालं. थोरल्याने चार मोठे श्वास घेतले आणि मग भावाकडे, जाळीकडे, खोक्याकडे पाहिलं. शाळेत न गेलेला माणूस, पण त्याला दोनदा सांगावं लागत नसे.

"आपलंच आहे होय ते?"

धाकट्याने बोट फडक्यात गुंडाळलं.

"सगळं गाव पालथं घातलंस," थोरला म्हणाला, आणि हसला. "चार ते सहाच ना?"

"दादा, मी बाईंना सांगतो."

"काय सांगतोस? नोकरी ठेवतील तुझी? दोन तासांचा प्रश्न आहे. सिलिंडर आहे की."

"सकाळी वापरला ना तो."

"थोडासा. गाडीही येईल चार दिवसांत." पलंगाशेजारच्या पेल्यातला चमचा घेऊन त्याने हात लांबवला आणि सिलिंडरवर दोनदा वाजवलं. "ऐक. भरलेला आहे. तू कानवाला ना?"

सिलिंडर टणटणला, घंटेसारखा. भरलेला सिलिंडर असा वाजत नाही, बद्द वाजतो. हे कानवाल्याला माहीत होतं. वरच्या तबकडीवर आठ महिन्यांची धूळ होती, काटा दिसत नव्हता. पुसायला एक बोट लागलं असतं. त्याने होकाराची मान हलवली. "वहिनीला सांगू नको म्हणजे झालं," थोरला म्हणाला. वहिनी दुपारी बारा ते संध्याकाळी सात कोंबडीवाल्याकडे असायची, धाकटा परातीवर. घरात त्या वेळी कुणीच नसायचं.

त्या संध्याकाळी परातीवर पहिल्यांदा शांतता झाली. चारला एक मिनिट कमी असताना आवाज तुटला. बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. "थांबलं! कुठे होतं?"

"गावातच," कानवाला म्हणाला. "बंद केलं."

बाईंनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. जखमेचं बोट दुखलं.

मग सहावा दिवस, सातवा, आठवा. रोज तो घरी पोचायचा तेव्हा मशीन चालू असायचं, थोरला पलंगावर असायचा, घामाने बनियन अंगाला चिकटलेला. या थंडीत घाम कसला, असं धाकट्याने एकदा विचारलं. "गोधडीचा," थोरला म्हणाला. जेवण त्याला जाईना. वाक्य बोलायचा ते तीन तुकड्यांत. नवव्या दिवशी वहिनी म्हणाली, "भाऊजी, यांच्या पायांवर सूज आहे. गाडी का येत नाही बघा ना." त्याने परातीवरून दवाखान्यात टेलिफोन केला. गाडी दुरुस्तीला गेली आहे, असं कळलं. परवा येईल.

"उद्यापासून मशीन बंद करायचं नाही," त्या रात्री जेवताना तो म्हणाला. वहिनी पाणी आणायला आत गेली होती.

थोरल्याने त्याच्याकडे पाहिलं. "किती दिवस राहिले?"

"तीन."

"ते एकतीस वर्षं... चालतंय. आणि मी... तीन दिवस... बसू शकत नाही होय?" मग जरा थांबून, "मला पण ऐकायचंय रे. काय म्हणतं ते."

अकराव्या दिवशी पाचला दहा कमी असताना परात बोलली. म्हणजे आवाज असा काही आला नाही. पडद्यावर करड्या खरखरीत एक बारीक रेघ उमटली, गेली, पुन्हा उमटली आणि राहिली. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळेच वाजवू लागले. बाई खुर्चीवर बसून तोंडावर पदर घेऊन रडत होत्या. "तुमच्यामुळे," त्या कानवाल्याला म्हणाल्या. "कळलं का? तुमच्यामुळे." कुणी त्याच्या हातात चहा दिला. तो त्याने तसाच ठेवला आणि निघाला. एरवी डोंगर उतरायला पाऊण तास लागायचा. त्या दिवशी तो जवळजवळ पळतच उतरला, खोका छातीवर आपटत होता, आणि तोंडात एकच वाक्य घोळत होतं.

फाटकातूनच तो ओरडला, "दादा, बोललं!"

थोरला पायरीवर बसला होता. पाठ दाराच्या चौकटीला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, तोंड डोंगराकडे. नळी नाकात होती. नळीचं दुसरं टोक सिलिंडरला जोडलेलं होतं. आत मशीन बंद होतं आणि भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच वाजून गेले होते.

कानवाल्याने त्याच्या खांद्याला हात लावला. मग जाऊन सिलिंडरवरची धूळ बोटाने पुसली. काटा खाली, पार तळाला टेकला होता. तो कधीचा तिथे होता कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पोचवून आले. त्यानंतर मावशी गुडघ्यांवर हात ठेवत ठेवत गल्ली ओलांडून आल्या आणि वहिनीशेजारी बसल्या. कानवाल्याकडे त्यांनी पाहिलं नाही. वहिनीलाच सांगितलं. रोज चार वाजले की आतली घरघर थांबायची आणि थोरला पायरीवर येऊन बसायचा. त्यांच्या खिडकीतून दिसायचं. खांदे असे वरखाली व्हायचे, की बघवत नसे. एकदा त्यांनी विचारलं, मशीन का बंद केलंस रे? तर म्हणाला, "पाहुणा यायचाय मावशी. लांबून येतोय. आवाज नको."

वहिनीने ऐकून घेतलं. रडली नाही. तिने मान वळवून दिराकडे पाहिलं आणि ती बराच वेळ तशीच पाहत राहिली. तिने शिव्या घातल्या असत्या, अंगावर धावून आली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं, भाऊजी?"

"चमचा वाजवला होता त्याने," तो म्हणाला. "मी ऐकलं होतं वहिनी. मला ऐकू आलं होतं." आणि मग लहान मुलासारखा रडायला लागला, तो नऊ वर्षांचा असताना या घरात लग्न करून आलेल्या या बाईपुढे. तिने त्याला जवळ घेतलं नाही आणि बाजूलाही केलं नाही.

दुपारी इंजिनिअर बाई आल्या. गावात त्या कधी पायी आल्या नव्हत्या, त्यांच्या चपला धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या. त्यांना एवढंच कळलं होतं की कानवाल्याचा भाऊ गेला. काखेत कागदाची सुरळी होती. "दादांना दाखवायला आणणार होते," त्या म्हणाल्या. "त्यांनी विचारलं होतं ना. म्हटलं, आपण जाऊन दाखवावं." त्यांनी ती फरशीवर उलगडली. कागदभर करडी खरखर होती आणि तिच्यातून एक जाड काळा पट्टा गेला होता. त्यात दर बोटभर अंतरावर एक ठिपका. चारच्या खुणेशी पट्टा तुटायचा, सहाच्या खुणेशी पुन्हा सुरू व्हायचा. असे दिवसामागून दिवस. शेवटच्या दिवशी चारला तुटला आणि पुढे कागद कोरा होता. त्या कोऱ्या जागेत केसासारखी एक रेघ होती.

"ही त्याची," बाई रेघेवर बोट ठेवून म्हणाल्या. "आणि हा जाड पट्टा म्हणजे तो आवाज. काय होतं ते तुम्ही सांगितलंच नाहीत. काल चारपासून तर पूर्णच थांबलाय."

वहिनी खाली वाकून त्या ठिपक्यांकडे बघत होती. चार-पाच सेकंदांनी एक, चार-पाच सेकंदांनी एक. आठ महिने उशाशी ऐकलेलं तिला बघूनही ओळखता आलं.

"हे आमचे," ती म्हणाली.

बाईंनी वर पाहिलं. उघड्या दारातून पलंग दिसत होता, पलंगाशेजारी मशीन, त्यावर वाळलेलं रक्त, कोपऱ्यात जाळीचा पिंजरा. त्यांना कळायला वेळ लागला नाही. त्या खालीच बसल्या.

"मला सांगायचं होतं ना," त्या म्हणाल्या. "परातीवर पत्र्याची बंद खोली आहे, तिच्यातून काहीच बाहेर जात नाही. दादांना तिथे ठेवलं असतं. नाहीतर नवं मशीन मागवलं असतं, एका दिवसात. एक शब्द बोलायचा होता."

समोर मावशींची मशीनही बंद होती.

"काय म्हणालं ते?" वहिनीने विचारलं.

"कोण?"

"ते तुमचं. लांबून काय म्हणालं? यांना ऐकायचं होतं."

बाईंनी डोळे पुसले. "मी आहे, एवढंच. आणि तिथे किती थंडी आहे ते."

"एवढंच?"

"एवढंच."

वहिनीने मान हलवली. कागद ठेवू का, असं बाईंनी विचारलं, तेव्हा ती हो म्हणाली. बाई उठल्या. कानवाल्याजवळ क्षणभर थांबल्या आणि निघून गेल्या. आज बारावा दिवस होता. त्यांना चारच्या आत वर पोचायचं होतं.

चारला थोडा वेळ असताना वहिनी उठली. आत जाऊन तिने पलंगावरची चादर सारखी केली. नळी गुंडाळून उशीवर ठेवली. आणि मशीनचं बटण दाबलं. ते खाकरलं, घरघरलं, आणि त्याने पहिला सुस्कारा टाकला.

कानवाला सवयीने ताडकन उठला. दारापर्यंत गेला. खोका खुंटीवरच होता, आणि त्याला न विचारताच सुई वर जाऊन उभी राहिली होती.

"वहिनी," तो म्हणाला. "शेवटचा दिवस आहे. त्यांना काही ऐकू येणार नाही."

"हे येईल की," ती म्हणाली. "हे ऐकू दे त्यांना."

ती पलंगाच्या कडेला बसली. तो चौकटीत उभा राहिला, मग पायरीवर बसला, थोरला बसायचा त्याच जागी. डोंगरावर परात हळूहळू खाली कलत कलत त्यांच्या छपराच्या रोखाने येऊन थांबली. सहा वाजेपर्यंत मशीन चालू होतं. वरून कुणी बंद करायला सांगायला आलं नाही.